दिवाणसाहेबांची खुर्ची

माझ्या साडूंइतका निष्ठावान सरकारी नोकर अख्ख्या मुंबई उपनगरात झाला नसेल. पंचाईत एवढीच, की त्यांची निष्ठा ज्या सरकारवर होती ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेलं होतं. पगार मात्र ते आपल्याच सरकारचा घेत, अंधेरीच्या बाजूला रेशनकार्डाच्या एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून.

ही भानगड सुरू झाली सांताक्रूझच्या एका रद्दीवाल्यापाशी. तिथे साडूभाऊंना कव्हर गेलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. नेपोलियनच्या काळातल्या कुठल्याशा चिमुकल्या जर्मन संस्थानाच्या कारभाऱ्याचं चरित्र. त्या गृहस्थाचं नाव मला आजतागायत धड उच्चारता आलेलं नाही. साडूभाऊ त्यांना 'दिवाणसाहेब' म्हणत, तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हे आत्ताच फाईल घेऊन त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. दिवाणसाहेबांनी आधी राजाची चाकरी केली. मग नेपोलियनची फौज आली, राजा पळाला, आणि फ्रेंच अधिकारी कचेरीत शिरला तेव्हा दिवाणसाहेब म्हणाले, "शपथ नंतर घेतो, आधी हे दोन अर्ज हातावेगळे करू द्या." फ्रेंच गेले, राजा परत आला, तेव्हाही टेबल तेच आणि माणूस तोच. हा प्रसंग साडूभाऊंनी मला निदान चाळीस वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी 'दोन अर्ज' म्हणताना ते दोन बोटं वर करून दाखवत.

घरातही हाच कारभार. सोसायटीचा सेक्रेटरी बदलला की ते म्हणत, "राजवट बदलली." आमच्या सासूबाई महिनाभर राहायला आल्या की माझ्या कानाशी लागून म्हणत, "फ्रेंच आले. आपण आपलं काम चालू ठेवायचं." ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, मालवणची. जेवायला हाका मारून ती थकली की आतून ओरडायची, "त्या जर्मनाक पण ताट वाढू काय?"

पण साडूभाऊंनी दिवाणसाहेबांकडून उचललेली मुख्य गोष्ट म्हणजे खुर्ची. दिवाणसाहेबांच्या कचेरीत एकच खुर्ची असे, आणि ती अर्जदारासाठी. स्वतः दिवाणसाहेब उभे. यामागचं शास्त्र साडूभाऊ समजावून सांगत, "बसलेला माणूस 'उद्या या' म्हणतो. उभ्या माणसाचे पाय दुखतात, तो आजच काम उरकतो." लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी खुर्चीत आणि यजमान अर्धा तास समोर उभे. मला वाटलं, आपण निघावं अशी यांची इच्छा दिसते. मी उठलो, तर त्यांनी दोन्ही खांदे दाबून मला परत बसवलं आणि चहा येईपर्यंत उभ्यानेच माझी चौकशी केली.

कचेरीतही ते असेच वागत, आणि निवृत्तीला जेमतेम आठ महिने उरले असताना त्यापायीच त्यांची वाट लागायची वेळ आली. नवे साहेब रुजू झाले आणि न सांगता फेरी मारायला निघाले. बघतात तर हेडक्लार्कच्या खुर्चीत, पंख्याखाली, एक कोळीण. मांडीवर रिकामी पाटी, हातात पाण्याचा पेला. साहेबांनी विचारलं, "हेडक्लार्क कुठे आहेत?" बाईंनी बोट दाखवलं, "हे काय, उभे ऱ्हायलेत ना!"

दुसऱ्या दिवशी मेमो. कार्यालयीन शिस्तीचा भंग, खुर्चीचा अवमान, चौकशी का करू नये याचा खुलासा द्या. बत्तीस वर्षांत ज्या माणसाच्या नावावर एक लेटमार्क नव्हता, तो डाग लागून घरी जाणार म्हणून ताई देवासमोर बसून रडली. मलाही झोप लागेना. वेडे असले तरी ते आमचे वेडे होते.

साडूभाऊंनी चौदा पानी खुलासा लिहिला. त्यातली अकरा पानं दिवाणसाहेबांची. मी हात जोडले. "साडूभाऊ, हे काढा हो. साहेब तुम्हाला वेड्यात काढतील."

ते म्हणाले, "परत आल्यावर राजानेही दिवाणसाहेबांकडे खुलासा मागितला होता, शत्रूच्या राज्यात काम का केलंस म्हणून. आपलं पुस्तक नेमकं तिथेच फाटलंय. पुढची पानं कुण्या भेळवाल्याकडे गेली असणार. त्यांनी काय उत्तर दिलं मला ठाऊक नाही. तेव्हा माझं मीच देतोय."

चौकशीच्या दिवशी मी सोबत गेलो आणि अर्ध्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी बराच वेळ वाचलं आणि विचारलं, "हे दिवाण कोणत्या खात्याचे?"

"आपल्याच, साहेब," साडूभाऊ म्हणाले. "अर्जांच्या."

मी कपाळाला हात लावला. मग साक्षीला खुर्चीत बसलेल्या त्या मनोरीच्या कोळीणबाईंना बोलावलं. त्या तरीतून खाडी ओलांडून, मार्व्याला उतरून, दोन बस बदलून आल्या होत्या आणि चांगल्याच तापल्या होत्या. "सुनेचं नाव कार्डावर चढवायला सात येळा आले, साहेब. सात येळा भायेर खिडकीवर उभी. आठव्या येळंला आत ह्यांच्याकडं आले, तर ह्यांनी बसवली, पानी दिलं, नि त्याच दिवशी काम केलं. यात गुना काय केला यांनी? सांगा ना!"

मग साहेबांचा आवाज आला, "तुम्ही बसा, बाई." आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. खोलीत साहेबांच्या खुर्चीखेरीज दुसरी खुर्ची नव्हती, हे मला ठाऊक होतं.

खुलासा मान्य झाला, प्रकरण बंद झालं. शिवाय अर्जदारांसाठी एक जादा खुर्ची मंजूर झाली. साहेबांनी ते पुस्तक वाचायला मागून घेतलं. "शेवट नाही त्याला," साडूभाऊंनी बजावलं. साहेब म्हणाले, "चालेल."

जादा खुर्ची सरकारी वेगाने आली. साडूभाऊंच्या निवृत्तीच्याच दिवशी, दुपारी, निरोपसमारंभ चालू असताना, खाकी कागदात गुंडाळलेली. हारतुरे झाले, भाषणं झाली, 'बसा, बसा' म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, तरी हे आपले सवयीने उभेच. तेवढ्यात मनोरीच्या बाई सुनेला घेऊन दारात हजर. सुनेच्या हातात पापलेटांची पिशवी. बाईंनी खुर्चीचा कागद टराटरा फाडला, पदराने ती पुसली आणि साडूभाऊंसमोर आणून ठेवली.

"लय उभं ऱ्हायलात, साहेब. आता तुमी बसा. मी ऱ्हाते उभी."

आणि साडूभाऊ बसले. मी त्यांना परक्या माणसासमोर बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते आणि डोळे गळत होते, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांना तसं बसलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

ती फाटलेली पानं आम्हाला कधीच मिळाली नाहीत. राजाने दिवाणसाहेबांना ठेवलं की हाकललं, देव जाणे. पण त्यांच्या त्या जर्मन गावातल्या एखाद्या म्हातारीने तरी, कधीतरी, त्यांना 'आता तुम्ही बसा' म्हटलं असेल, असं मला मनापासून वाटतं.