सुजाताच्या घराचा रंग

हे माह्या अम्मीले माहीत नाही, नवऱ्याले माहीत नाही. अन् जिचं आहे त्या सुजाताले मी तोंडानं कधी सांगितलं नाही. तुम्हाले सांगून राह्यली. कायले? ते मलेही धड सांगता येत नाही. मन हलकं करायले म्हणाल तर माहं मन काही जड नाही—पोटभर जेवते, पडल्या पडल्या झोप लागते. ही बाई आता रडन, पदर डोळ्याले लावन, असं वाटत असेल तर बाप्पा, आत्ताच उठा.

आम्ही वणीले बी.ए. करत होतो तेव्हा कॉलेजात एक नवीनच टूम निघाली. मुख्य विषय समाजशास्त्र, अन् त्याच्या जोडीले दोन लहान विषय—कायदा अन् नगररचना. गावात लोक हसले. ना धड वकील, ना धड इंजिनियर! अब्बा म्हणाले, "दोन डगरींवर पाय ठेवशील तर मधात पडशील, बेटा." पण मले अन् सुजाताले लय हौस. तिले कायदा तोंडपाठ, माहा हात नकाशावर चाले. एका बाकावर बसायचं, एका डब्यात खायचं. तिच्या मायच्या हातची अंबाडीची भाजी मी जेवढी खाल्ली तेवढी तिनंही खाल्ली नसेल.

तिचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या वस्तीत. माहं घर—घर कसलं, अब्बाचं ट्रकचं गॅरेज, अन् गॅरेजच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या. रस्त्यावरून पाह्यलं तर नुसते टायरंच टायरं दिसायचे. मागं माणसं राहतात हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

अन् मग रस्ता आला. कोळशाचे ट्रक बाजारातून जायचे, लोक वैतागले होते. ट्रक गावाबाहेरून काढायचं ठरलं. जागा दोन होत्या. एक तर आमच्या गॅरेजच्या ओळीवरून, नाही तर जिनिंगमागच्या वस्तीवरून. कुठं किती घरं जातात ते पाहून ठरणार होतं. अन् हे पाहायचं काम कोणाले मिळालं? आमच्याच वर्गाले. नगररचना शिकवणाऱ्या आमच्या सराईले केवढा आनंद! पोरं पुस्तकातून बाहेर येतील, म्हणाले. घरोघरी जायचं, पाहायचं, अन् नकाशात रंग भरायचा—राहतं घर पिवळं, दुकान निळं, कारखाना नाहीतर गोदाम असलं का जांभळं. घर गेलं तर घराच्या बदल्यात जागा. गोदामाले असं काही नाही.

सराईचा एक नेम होता. आपल्या गल्लीत आपण जायचं नाही, हात वाकडा पडतो म्हणे. म्हणून सुजाताले गॅरेजची ओळ दिली, अन् मले दिली तिची वस्ती.

आता ते साल कसं होतं ते ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापसाचा भाव असा पडला होता का कोणी विकायलेच तयार नाही. आज वाढन, उद्या वाढन—अन् कापूस घरात. वस्तीतले लोक दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करायचे, कोठा कोणाकडंच नव्हता. मग ठेवतील कुठं? जिथं निजायचं तिथंच. सुजाताच्या घरी गेली तर पुढच्या खोलीत लाईटच्या बटनाच्या पाटीपर्यंत कापूस! खाट भिंतीले उभी टेकवलेली. चूल अंगणात लिंबाखाली, अंथरुणं अंगणात, सुजाताचं पुस्तकाचं दप्तर खिडकीत. सुमनमावशी, म्हणजे तिची माय, मले म्हणे, "बस न वं, कापसावरच बस. खुर्ची कुठं ठेवली तं मलेच सापडून नाई राह्यली." मी बसली, चहा पेली, अन् संध्याकाळभर अंग खाजवत राह्यली.

हे सगळं माह्या डोळ्यांनी पाह्यलं. चूल गरम होती, हे मी हातानं पाह्यलं.

अन् कॉलेजात येऊन जांभळा रंग उघडला.

सर पुण्याकडचे. त्याईनं माह्या मोबाईलमधले फोटो पाह्यले—खोल्या कापसानं गच्च, माणूस एकही नाही. कारण फोटो काढताना मीच मावशीले म्हटलं होतं, जरा बाजूले व्हा. सराईनं विचारलं, "ही गोदामं आहेत का सगळी?" त्याईचं चुकलं तर समजू शकते, बाहेरच्या माणसाले ते गोदामच वाटन. पण मी वणीची. आमच्याकडं त्या सालात कापूस नव्हता असं घर दाखवा! मी "हो सर" म्हणाली. एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, जाऊ दे, पोर होती, घाबरली असेल. खबरदार! माह्यावर असली दया करू नका. मी घाबरली नव्हती. एका पारड्यात माहा बाप होता, दुसऱ्यात सुजाता. मी बाप उचलला. पुन्हा तीच वेळ आली तर काय करशील, असं विचाराल? विचारू नका. उत्तर तुम्हाले आवडणार नाही.

पण खरं लाजिरवाणं काम हे नव्हेच. ते पुढं आहे—अन् तिथं यायले मी इतका वेळ लावून राह्यली, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

रस्त्याच्या साहेबापुढं सुनावणी लागली. नकाशा भिंतीवर. वस्ती सगळी जांभळी. लोक ओरडले, "ओ साहेब, आमी राहतो तिथं!" सुजाता उठली. काय बोलली ती! जे जे वर्गात शिकलो ते सगळं तिनं मांडलं. साहेब शांतपणे म्हणाले, नकाशा तुमच्याच वर्गानं केला आहे. तिनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटते, तिले तेव्हाच कळलं.

मग सुमनमावशी उभ्या राह्यल्या. "साहेब, हे पोरगी आलती माह्या घरी. चहा पेली. इचारा ना तिले!" त्या बाईच्या तोंडावर कसला भरोसा होता! आता सगळं निपटलं, असाच.

कायद्याच्या तासाले आम्हाले शिकवलं होतं—साक्षीदारानं जेवढं पाह्यलं तेवढंच सांगावं, आपल्या मनचं घालू नये. ते मी तिथं वापरलं. उठली अन् म्हणाली, "मी गेलती तेव्हा खोलीत कापूसच होता."

अक्षर न् अक्षर खरं! पाह्यलं का? कोणीच मले खोटारडी म्हणू शकत नाही. नगररचनेनं मले रंग दिला अन् कायद्यानं ते वाक्य. दोन डगरींवर पाय ठेवून मी मधात पडली नाही, अब्बा. दुसरी पडली.

मावशी खाली बसल्या.

त्या सालचा कापूस शेवटी पडत्या भावानंच गेला. खोल्या रिकाम्या झाल्या, खाटा आडव्या झाल्या, अन् आठवडाभरही निजले नसतील तेवढ्यात वस्ती पाडली. सुजातानं कॉलेज सोडलं. मारेगावले कपड्याच्या दुकानात लागली. मायलेकी तिथंच एका भाड्याच्या खोलीत राहतात. मी शिकली, अन् आता तेच दोन विषय शिकवते. पोराईले सांगते, कापसाच्या दिवसात घरं मोजायले जाऊ नका. का, ते सांगत नाही. पोरं म्हणतात, मॅडमले अनुभव लय आहे.

एक गोष्ट राह्यली. सुजाताचा नकाशाही त्या भिंतीवर होता, माह्या नकाशाच्या बाजूले. गॅरेजची सगळी ओळ निळी. मधात एकच चौकट वेगळी होती. ती टायरांच्या मागं गेलती, अम्मीशी बोललती, दोन खोल्या मोजून आलती. आमचं घर वाचलं तर रस्ता तिच्या घरावरून जाईन, हे तिले माहीत होतं. कायद्यात तीच हुशार होती.

तिनं माहं घर पिवळं भरलं होतं.