मेणकागदाचं पाकीट

माझा नवरा पाकीट उघडायच्या आधी हात धुतो. साबण लावून, कोपरापर्यंत. मग पंच्याला पुसून ते हात थोडा वेळ तसेच हवेत धरून ठेवतो. जेवणाआधी मात्र हेच हात नळाखालून कसेबसे जातात. आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला घर घेतलं त्या वर्षी हा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला आणि मला वाटलं, याला डोळ्यात औषध वगैरे घालायचं असेल.

त्याने डायनिंग टेबलवर धुतलेला पंचा पसरला आणि पोस्टाने आलेल्या खोक्यातून मेणकागदाचं एक छोटं पाकीट काढलं. आत खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं होती आणि च्युइंगगमची एक पट्टी. आइस हॉकीची कार्डं, आम्ही दोघं लहान असतानाची. गमही तेवढंच जुनं. ते एका कार्डाला असं चिकटून बसलं होतं की सोडवताना त्याचा चुरा झाला आणि पंच्यावर गुलाबी भुगा पडला. पंचा अर्थात मीच धुतला.

मी नागपूरची. आमच्या शाळेत मुलींची हॉकीची टीम होती. मुरमाच्या मैदानावर घोटे फोडून घेत आम्ही खेळायचो, आणि त्याबद्दल कुणी आमची कार्डं छापली नाहीत. बर्फावरची हॉकी मी लग्नानंतर, मिल्टन कीन्सच्या रिंकमध्ये पाहिली. हाडं गोठवणाऱ्या थंडीत पैसे देऊन बसायचं आणि चकती कुठे गेली ते दिसायच्या आत गोल झालेला असायचा. नवरा मात्र आनंदाने ओरडत असे. त्याच्या छंदाचं मला काडीचं कौतुक नव्हतं, हे मी लपवलंही नाही.

"अगं, कॉर्नर्स बघ, एकदम शार्प आहेत," तो कार्ड दिव्याखाली धरून म्हणायचा. "ह्याला मिंट कंडिशन म्हणतात. कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही."

"मग तू तरी कशाला लावतोस?" असं मी विचारलं की तो ते कार्ड गुपचूप प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायचा.

या वेडाचं मूळ मला हळूहळू कळलं. नवरा सहा वर्षांचा असताना माझे सासरे, म्हणजे बाबा, नोकरीसाठी सगळ्यांना घेऊन कॅनडात गेले. टोरोंटोजवळच्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते. पाच वर्षांनी बिऱ्हाड आवरून सगळे पुण्याला परतले. तिथे असताना बाबा दर शुक्रवारी कामावरून येताना कार्डांचं एक पाकीट आणत. उघडायचं काम मात्र त्यांचंच, कारण मुलाला फाडायची घाई. मेणकागदाची घडी जिथे चिकटवलेली असते तिथे ते नख घालत आणि अख्खा कागद न फाटता उलगडत. कागदाची परत घडी करून ती शर्टाच्या खिशात ठेवत. मग एकेक कार्ड उलटं करून मागचा मजकूर मोठ्याने वाचत. खेळाडूचं गाव, उंची, गोल किती. माझ्या नवऱ्याचं इंग्रजी वाचन असं सुरू झालं.

त्यातला एक गोलकीपर दोघांच्या खास मर्जीतला होता. कायम हरणाऱ्या टीमचा, आणि तोही राखीव, म्हणजे बहुतेक वेळ बाकावरच. पण त्याच्या कार्डाच्या मागे शेवटी एक ओळ होती. उन्हाळ्यात हा वडिलांच्या दुधाच्या गाडीवर काम करतो, अशी. बाबांना ती ओळ फार आवडायची. "बघ, एवढा मोठा खेळाडू, पण सुट्टीत बापाचं दूध घालतो," असं ते दर वेळी म्हणत, आणि कार्ड मुलाच्या हातात देत.

पुण्याला परतताना सामानाचं वजन जास्त झालं. कार्डांनी भरलेला बुटांचा खोका बाबांनी शेजारच्या मुलांना देऊन टाकला. नवऱ्याला ते विमानतळावर कळलं. तो तिथे किती रडला ते त्याने मला सांगितलं, पण बाबांकडे त्याने तो विषय पुन्हा कधीही काढला नाही. बाबांनीही नाही. बापलेक एरवी बोलत नव्हते असं नाही. तब्येत, हवा, व्हिसा, क्रिकेट सगळं बोलत. पण ते बोलणं बँकेतल्या काउंटरवर बोलतात तसं असे.

वेबसाइटवरच्या लिलावात बोली लावून लावून नवऱ्याने त्या काळातली कार्डं पुन्हा जमवली. दुधाच्या गाडीवाला गोलकीपर मिळाला तेव्हा त्याने ऑफिसमधून मला फोन केला, आणि आवाज असा की मला वाटलं प्रमोशन झालं. त्या कार्डाच्याच वर्षी छापलेलं एक न उघडलेलं पाकीटही त्याने मिळवलं. ते मात्र त्याने उघडलं नाही. कडक प्लास्टिकच्या डबीत घालून वरच्या खोलीत फळीवर ठेवलं.

"बाबा आले की उघडू," तो म्हणाला.

सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे सहा महिन्यांसाठी येणार होते. नवऱ्याला बाबांकडून माफी वगैरे नको होती. त्याला एवढंच हवं होतं की बाबांना ते शुक्रवार आपणहून आठवावेत. आपण आठवण करून द्यायची नाही, हे त्याने पक्कं ठरवलं होतं. मला हा हट्ट पोरकट वाटला आणि मी तसं सांगितलंही.

बाबा आले. रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल पायवाटांवरून, सकाळ-संध्याकाळ फिरू लागले. चौकांतले सगळे राउंडअबाउट एकाच साच्यातून काढलेत अशी तक्रार करू लागले. दुकानातून आलेल्या प्रत्येक पिशवीची त्रिकोणी घडी करून ड्रॉवरमध्ये भरू लागले. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी नवऱ्याने कार्डांचा अल्बम सहज ठेवल्यासारखा त्यांच्यासमोर ठेवला. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते, म्हणजे माझं सगळं लक्ष तिकडेच होतं.

बाबांनी चष्मा लावला. पानं उलटली. एका पानावर जरा थांबले, मग पुढे गेले. शेवटच्या पानापर्यंत जाऊन त्यांनी अल्बम मिटला.

"छान ठेवलंयस," ते म्हणाले. "पण प्लास्टिक फार वापरलंस." आणि फिरायला निघून गेले.

त्या दिवशी नवऱ्याने भांडी अशी घासली की एका कपाचा कान गेला. "बघितलंस? नथिंग. काहीच आठवत नाहीये त्यांना," तो म्हणाला.

"मग तोंडाने विचार ना."

"नाही विचारणार."

मला दोघांचाही राग आला. एक बोलणार नाही आणि दुसरा विचारणार नाही, आणि मध्ये मी, पोळ्या वाढायला. बंद पाकीट फळीवर तसंच राहिलं.

मग दसरा आला, आणि नेमका सुट्टीच्या दिवशी. बाबांनी आदल्या दिवशीच फर्मान काढलं की पूजेची सगळी मांडणी ते स्वतः करणार. दोघांचे लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझी भाजी चिरायची सुरी असं सगळं त्यांनी मागून घेतलं. झेंडू मिळाला नाही, म्हणून सुपरमार्केटातल्या शेवंतीवर भागवलं. आपट्याच्या पानांसाठी ते रेडवेवर लांबवर जाऊन आले आणि कुठल्याशा झुडपाची पानं खिसा भरून घेऊन आले. हे सोनं कसलं म्हणून मी हसले, तर म्हणाले, "इथलं सोनं इथल्यासारखंच असणार."

सकाळी मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून मागचं दार सताड उघडं होतं. नवरा आंघोळ करून जिन्यावरून खाली आला ते ऐकू आलं. नंतर मात्र काहीच ऐकू येईना. आमच्या घरात एवढी शांतता बरी नाही, म्हणून मी गॅस बंद करून बाहेर गेले.

कॉफी टेबलवर लाल कापड अंथरलेलं होतं. कडेने लॅपटॉप, किल्ली, सुरी. मधोमध, विड्याच्या पानांऐवजी ठेवलेल्या पालकाच्या दोन पानांवर, दुधाच्या गाडीवाला गोलकीपर. प्लास्टिकमधून बाहेर काढलेला. त्याच्या छातीवर ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकू, वर अक्षता. हळदीचं पाणी खालपर्यंत ओघळलेलं होतं आणि त्या शार्प कोपऱ्यांतला एक कोपरा मऊ होऊन वर वळायला लागला होता.

नवऱ्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"बाबा, हे प्लास्टिकमधून का काढलंत?"

"प्लास्टिकवर कुठे हळद-कुंकू लावतात?" बाबा समई पुसत म्हणाले.

"अहो, पण रुइन झालं ना ते! कम्प्लीटली! एवढ्या शेकडो कार्डांमधून तुम्हाला नेमकं हेच सापडलं?"

"सापडलं नाही," बाबा म्हणाले. "शोधलं. बापाचं दूध घालतो तो हाच ना?"

नवरा सोफ्याच्या हातावर टेकला. मी पुरीचा झारा हातात घेऊन दारातच उभी राहिले.

"तू अल्बम ठेवलास त्या दिवशीच दिसला मला," बाबा समईकडे बघत म्हणाले. "पण काय बोलणार होतो? मीच देऊन टाकलेला."

नंतर ते बोलले ते सलग, आणि एकाच पट्टीत, जसं काही कारखान्याचा हिशोब देत होते. वजन जास्त भरत होतं. एक तर मुलाचा खोका जाणार होता, नाहीतर त्यांची इंजिनिअरिंगची पुस्तकं. "मी पुस्तकं भरली. वाटलं, पुण्यात लागतील. एकदाही लागली नाहीत. दर दसऱ्याला कपाटातून काढायची, हळद-कुंकू लावायचं, परत ठेवून द्यायची. दरवर्षी हळद लावताना तुझा तो खोका आठवायचा. तुझ्या आईला म्हणायचो मी, की चुकीची वस्तू आणली. म्हटलं, यंदा तरी योग्य वस्तू मांडावी."

मला रडू आलं, आणि ते मी तळणाच्या धुरावर ढकलून दिलं. मघाशी त्या पोरकट हट्टाबद्दल बोलले ते इथे परत घेते. दोघंही तेच ते शुक्रवार इतकी वर्षं उराशी घेऊन बसले होते.

नवरा वर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती डबी होती. पाकीट काढून त्याने बाबांच्या समोर धरलं.

बाबांची बोटं अजून पिवळी होती. नवरा ती बघत होता, मी नवऱ्याला बघत होते. त्याने पाकीट आणखी पुढे केलं. बाबांनी घडीच्या जागी नख घातलं आणि कागद कुठेही न फाडता पाकीट उलगडलं. आत फारसं काही नव्हतं. कुणाला माहीत नसलेले खेळाडू, दोन कार्डं तर एकाच माणसाची. गमची पट्टी तुटली. बाबांनी तिचे तुकडे नैवेद्याच्या वाटीत, श्रीखंडाशेजारी ठेवले आणि मी ते खपवून घेतलं. मग त्यांनी चष्मा चढवला, पहिलं कार्ड उलटं केलं आणि मोठ्याने वाचायला लागले. गाव, उंची, गोल किती. माझा चाळिशीकडे झुकलेला नवरा त्यांच्या खांद्यावरून डोकावून ऐकत होता. पुऱ्या गार झाल्या.

गोलकीपर वाळल्यावर अल्बमच्या पहिल्या पानात गेला, कुंकवासकट. रिंकवर भेटणारा एक इंग्रज संग्राहक एकदा घरी आला तेव्हा ते कार्ड पाहून हळहळला. हे कुणी केलं, असं त्याने विचारलं. "माय डॅड," नवऱ्याने ऐटीत सांगितलं.

बाबा थंडी पडायच्या आत पुण्याला परत गेले. पुढच्या दसऱ्याला नवऱ्याने सकाळीच त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पूजा झाली का, त्याने विचारलं. झाली. पुस्तकं मांडली का?

"पुस्तकं रद्दीत दिली," बाबा म्हणाले. "कपाट रिकामं झालं, बरं वाटतंय."

"मग पूजेत काय मांडलंत?"

"त्या पाकिटाचा मेणकागद," बाबा म्हणाले. "खिशातच आला होता माझ्या."

नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला, टेबलवर पंचा पसरला आणि तो हात धुवायला निघून गेला.