आईच्या बॅगेतलं काडतूस

हे बायकोलासुद्धा माहीत नाही. आज पहिल्यांदाच तोंडातून काढतोय, यार. हसू नकोस.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, अर्विंगला राहायचो. दोन हजार सहा असेल. मी व्हिसावर, ग्रीन कार्डची फाइल नुकतीच सरकलेली, बायकोला दिवस गेलेले. आई नागपूरहून आली होती. बाळंतपणाला पुन्हा येणार होती. ऑफिसात बिली नावाचा एक शिकारवेडा होता, टेक्ससातली रानडुकरं मारायचा. त्यानं मला एक काडतूस भेट दिलं, सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठी मुद्दाम बनवलेलं नवं — अंगठ्याएवढं जाड, पितळी, चकचकीत. जिवंत. व्हिसावाल्यानं बंदूकच काय, गोळीही जवळ ठेवायची नाही, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तरी घेतलं. का? मिरवायला, दुसरं काय!

खंडेनवमीला ते पूजेत मांडलं. दरवर्षी स्क्रूड्रायव्हर आणि कात्री पुजतो, म्हटलं या वर्षी खरं शस्त्र. आईनं कौतुकानं हळदकुंकू वाहिलं. मग मलाच भीती वाटली, कोणी बघितलं तर? ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकलं आणि — विसरलो. पुढच्या महिन्यात आई परत निघाली. तिच्या बॅगेची चेन बिघडली, तर मीच तिला माझी ती ऑफिसची बॅग दिली.

विमानतळावर... थांब जरा. सांगतो.

आईला इंग्रजी येत नाही म्हणून मला गेटपर्यंतचा पास मिळाला होता. तपासणीत बॅग अडकली. ऑफिसरनं कप्प्यात हात घातला आणि काडतूस वर धरलं, कुंकू लागलेलं. दोन पोलीस आले. हे कोणाचं, असं त्यांनी विचारलं. आणि आई बिचारी, ओळखीचं काही दिसलं म्हणून खुशीत म्हणाली, "अरे, हे तर तू पूजेत ठेवलेलं ना?"

ती काय म्हणतेय, पोलिसानं मला विचारलं.

काय सांगायला हवं होतं? एवढंच, की माझं आहे. पण डोळ्यांपुढे बेड्या, डिपोर्टेशन, बायकोचं पोट... मी म्हणालो, ती म्हणतेय, तिचं आहे. आठवण म्हणून घेतलं तिनं.

माझ्या आईच्या तोंडी मी खोटं घातलं — तिच्यासमोर. आणि ती शेजारी उभी राहून मान डोलवत होती रे!

तिला आत नेऊन बसवलं. बोटांचे ठसे घेतले. ती रडत होती आणि दुभाषा मीच. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? नाही बोललो. प्रत्येक प्रश्नाला नवं खोटं रचत गेलो.

सोडलं तिला, पण तिचा व्हिसा रद्द झाला. मुलगी झाली तेव्हा आई येऊ शकली नाही. नंतरही कधी नाही. मला ग्रीन कार्ड मिळालं.

फोनवर आई माझीच माफी मागायची. म्हणायची, मी मध्येच तोंड घातलं म्हणून सगळं बिघडलं, गप्प बसले असते तर तू निभावून नेलं असतंस. जाईपर्यंत हेच म्हणत होती.

आणि मी दर वेळी म्हणायचो, "असू दे गं आई. मी नाही रागावलो."