सुरतेचा दात

माझ्या पडलेल्या दाढेच्या जागी हाडात स्क्रू घालून पक्की दाढ बसवायचं ठरलं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, डॉक्टर नीट पारखून घ्या. आईसारखं नको व्हायला. तिचा सुरतेचा दात कधी बसलाच नाही." मी मान हलवली. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरात सगळे अजून हेच सांगतात. ते खरं नाही. दात उत्तम बसला होता.

पन्नासच्या दशकात मी खांडबाऱ्याच्या शाळेत मास्तर होतो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको माहेरी, म्हसावदला गेली. तिथे लिंबाला बांधलेल्या झोक्याची फळी तिच्या तोंडावर बसली आणि वरचा पुढचा दात गेला. परत आली ती पदर तोंडावर धरूनच. मी चिडेन असं तिला वाटत होतं. मग एकदा चूल फुंकताना माझ्या तोंडावर सगळी राख उडाली आणि तिला हसू आवरेना. पदर सुटला. ती फट मला दिसली. मीही हसत सुटलो.

त्यानंतर ती शेजारीपाजारी, माहेरीसुद्धा पदराआडूनच हसायची. उघड्या तोंडाने हसायची ती फक्त आमच्या चुलीपाशी, माझ्यापुढे. मला त्याचा गर्व होता. तिला काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही.

साठ साल उलटल्यावर तिचा भाऊ सुरतेला गिरणीत लागला. तो तिला रेल्वेने घेऊन गेला आणि दात बसवून आणला. टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी, तिला एक दात, शेजारच्या दातांना धरणारी बारीक तार. रंग असा जुळलेला की मलाही ओळखू येईना.

"तुम्हले कसा वाटस?" तिने विचारलं.

"बरा आहे," मी म्हणालो.

शेजारी रेल्वेत मालाच्या पावत्या फाडणारा गुजराती मालबाबू राहायचा. आमचा ओटा एकच. एका संध्याकाळी तो सांगत होता की बाजाराच्या दिवशी कुणाची तरी कोंबडी त्यांच्या तिकीटघरात शिरली. "भाभी, हवे शूं करवूं? आता काय करायचं? तिकीट नाही म्हणून पकडू, का टेबलावर अंडं दिलं म्हणून सोडू?"

बायको हसली. मान मागे टाकून, मोठ्याने. पदर खांद्यावरच राहिला.

समोरची म्हातारी ओरडली, "ओ मास्तर, तुम्हनी बायको ते हासाले लागनी!"

"भाभी असं हसल्या तर गाडी सिग्नलआधीच थांबेल," मालबाबू म्हणाला. ती आणखी हसली.

माणूस सरळ होता. पण जे मिळायला मला तोंडभर राख खावी लागली होती, ते त्याला एका कोंबडीवर मिळालं. पुढे बाजारात भाजीवालीशी, एसटीच्या कंडक्टरशी, कुणाशीही ती तशीच हसायची. घरी मी तिच्याशी धड बोलेनासा झालो.

शेवटी एकदा जेवताना मी म्हणालो, "तो दात तुला शोभत नाही. परका दिसतो. लोक हसतात."

"कोन हासस?"

"सगळेच."

भांडी घासून झाल्यावर तिने दात काढला, धुतला, पुसला आणि पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवला.

दिवाळीला भाऊ आला. दात का नाही, म्हणून त्याने विचारलं.

"टोचस रे भाऊ," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

भावाने पोरांसमोर त्या डॉक्टरचा उद्धार केला. मीही चहा पिता पिता म्हणालो, "मोठ्या शहरातले डॉक्टर असेच." पोरांनी तेच लक्षात ठेवलं.

भाऊ गेल्यावर घर फार गप्प वाटू लागलं. एका संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी मुद्दाम मालबाबूच्या आवाजात ती कोंबडीची गोष्ट सांगितली, हात नाचवून, अंड्यासकट. तिला हसू आलं. पण आधी तिने पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले, पदर ओढला, तोंडावर नीट धरला आणि मग हसली. चुलीपाशी आम्ही दोघंच होतो.