दामाशेठचा सहावा गोळा

दामाशेठने तोफेचा गोळा उचलला आणि नारळ हलवतात तसा कानाशी धरून हलवला.

"साहेब, ह्याच्यात काय तरी वाजतंय."

मी दोन्ही हात पुढे केले. "शेठ, खाली ठेवा. हळू. आणि परत हलवू नका."

मी एकतीस वर्षं न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे नोकरी केली. परदेशातून आलेल्या मालाचे कस्टम्सचे कागद करून तो मालकाच्या हवाली करायचा, हे आमचं काम. फ्रिज सोडवले, खजूर सोडवले, एकदा जिवंत मासेसुद्धा. तोफगोळे पहिल्यांदाच.

दामाशेठ तळवलीचे. शेती गेली, चाळी आल्या, आणि साठीला हा नाद लागला: अमेरिकेतल्या यादवी युद्धातले, तिथल्या शेतांतून खणून काढलेले तोफगोळे जमवायचे. ते त्या युद्धाला अमेरिकेची भाऊबंदकी म्हणायचे. "आमच्यात सातबाऱ्यावरून कोर्टात जातात, त्यांनी डायरेक तोफा काढल्या."

पण एवढ्या लांबचे गोळे कशाला? मी विचारलं होतं.

"आमच्या वावरावर टावर झाले. खनताना काय निघालं, कुनी बघितलंच नाय. मंग दुसऱ्याच्या वावरातलं तरी जपतो."

पेटीत सहा गोळे होते. कागदावर सहाही भरीव, म्हणजे नुसतं लोखंड, आत दारू नाही. विक्रेत्याचं तसं सर्टिफिकेट होतं. पेटीचं एकूण वजन पॅकिंग लिस्टशी जुळलं. कस्टम्सच्या सुपरिंटेंडंट मॅडमनी गोळे पाहिले, सही केली आणि आऊट ऑफ चार्ज मिळालं. म्हणजे माल घरी न्यायला मोकळा. टेम्पो दारात उभा होता. तेवढ्यात शेठना गोळे हाताळायची हौस आली.

मी बंदराच्या शेडमधला काटा ओढला आणि एकेक गोळा अलगद ठेवला. पाच गोळे साडेपाच किलोच्या आसपास भरले. सहावा चार किलो. आकार तोच, गंजही तसाच. मग दीड किलो लोखंड गेलं कुठे? गोळा पोकळ होता. तोफेचे पोकळ गोळे दारू भरण्यासाठीच करायचे. गंजाचा एक फुगवटा नीट बघितला, तर खाली बुजलेलं भोक दिसलं.

मी बॉसना फोन लावला.

"तू येडा आहेस का? आऊट ऑफ चार्ज झाल्यावर कोणी परत जातं? डिक्लरेशन चुकीचं म्हणून आपलंच लायसन्स लटकेल!"

"सर, शेठच्या घरात दोन नातवंडं आहेत."

मग बॉस म्हणाले, "जा. पण लेखी दे. तोंडी काही बोलू नकोस."

शेठ सगळं ऐकत होते. "सावंतसाहेब, दीडशे वर्सं मातीत होता. आता काय उडतोय?"

"तुमचे वडील खाणीत सुरुंग लावायचे ना? भिजलेली दारू वाळल्यावर ते काय म्हणायचे?"

शेठनी गोळ्याकडे बघितलं. सहापैकी हाच त्यांचा सर्वांत लाडका, विक्रेत्याने पाठवलेला त्याचा फोटो मोबाईलच्या स्क्रीनवर होता. "म्हनायचा, दारूचा भरवसा नाय, सुकली का परत जागी व्हते." मग स्वतःच म्हणाले, "चला मॅडमकडे."

मॅडमनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला. "स्वतःच्याच कन्साइनमेंटची तक्रार? सावंत, असं कोणी करत नाही हो." पण फोन लगेच उचलला.

बॉम्बशोधक पथक आलं. शेड रिकामी केली. दुपारभर सगळ्यांचा माल अडकला आणि इतर एजंटांनी मला अशा शिव्या घातल्या की सांगायची सोय नाही. पथकाने तिथेच एक्स-रे काढला. आत दारू होती, शिशाच्या गोळ्या होत्या. काही सुट्या झाल्या होत्या, त्याच वाजत होत्या. पुढे तो गोळा एका बंद खाणीत नेऊन उडवला. शेठ लांब पोलिसांच्या गाडीपाशी उभे होते. आवाज झाला तसे त्यांचे डोळे भरले.

चौकशी झाली. अर्ज आम्हीच दिला होता, म्हणून लायसन्स वाचलं. मॅडमनी चार लोकांसमोर म्हटलं, "यांच्या फाइलवर मी डोळे मिटून सही करेन." खोटं कशाला सांगू, छाती फुगली! करंजाड्याला घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "पुरे आता."

शिकलो एवढंच: एकूण वजन जुळलं म्हणून प्रत्येक नग जुळतो असं नाही. आता रिटायर झालोय, तरी भाजीवाल्याकडे एकेक नग वेगळा तोलायची खोड जात नाही.

मागच्या महिन्यात शेठकडे जेवायला गेलो. हॉलमध्ये काचेचं कपाट, त्यात सहा खळगे केलेली सागवानी फळी. पाच खळग्यांत पाच गोळे, तेल लावून चकचकीत.

सहाव्यात नारळ ठेवला होता.

"दर महिन्याला बदलतो," शेठ म्हणाले. "हलवून बघा, पानी हाय."