इथे अशी कोणी राहत नाही

जगात बंद पडलेली वस्तूच नसते, असं मानणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे: माझ्या बायकोच्या डोंबिवलीच्या मावशी. मिक्सर असो, गुडघा असो की लिफ्ट, "बंद नाही हो, रुसलंय. काय केलंत त्याला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका भजनाला लागल्या, मावशी लिनक्सला लागल्या, आणि सगळ्या नात्यागोत्यातले कॉम्प्युटर त्यांनी विंडोज काढून लिनक्सवर आणले. आमचाही. दुसऱ्याच्या कीबोर्डला मात्र त्या बोट लावत नाहीत. ठाण्यात टेंभी नाक्याला एका पूजेत यजमानांचं इंटरनेट गेलं, तर मावशींनी त्यांना सोवळ्यातच कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि हात मागे बांधून एकेक अक्षर सांगत राहिल्या. शिरा गार झाला, गुरुजी दोनदा डोकावून गेले. "ज्याने बिघडवलं त्याच्याच हाताने सुटलं पाहिजे," मावशी म्हणाल्या.

माझी पाळी आली ती मुलीच्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी. दुपारी ऑनलाइन मुलाखत, आणि सकाळी मी हौसेने कॉम्प्युटर उघडून नवी डिस्क बसवली. इंटरनेट गेलं. घोडबंदर रोडच्या आमच्या इमारतीत मोबाइलला रेंज फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात, तीही बोलण्यापुरती. मुलगी सारखी घड्याळाकडे बघायला लागली. मी मावशींना फोन केला; कित्येक महिन्यांनी आणि अर्थात कामापुरता. गॅलरीत ऐकायचं, आत धावत जाऊन टाइप करायचं, उत्तर घेऊन परत यायचं.

"जावईबापू, यादीत नेटवर्क कार्ड दिसतंय?"

"दिसतंय, पण त्याच्या नावातला आकडा बदललाय."

मावशी खळखळून हसल्या. "अहो, नवी डिस्क आली, कार्डाचा नंबर सरकला, नाव बदललं. तुमचा कॉम्प्युटर अजून जुन्या नावाने विचारतोय. सासरी जाऊन एखादीला माहेरच्या नावाने विचारा, शेजारी म्हणणारच, इथे अशी कोणी राहत नाही! बाई तीच आहे. नेटवर्कच्या फाइलीत नवं नाव लिहा."

लिहिलं. कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला. मुलगी वेळेवर मुलाखतीला बसली. मी गॅलरीत परत आलो आणि सहज विचारलं, "मावशी, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"द्वारका. आंबिवलीला भाऊ होता तोवर तो हाक मारायचा. आता तिथेही अशी कोणी राहत नाही."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे कधी विचारलं नव्हतं.

मुलीला नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन डोंबिवलीला गेलो. मला दारात बघून मावशींनी विचारलं, "काय बिघडलंय?"

"काही नाही. आमच्या कॉम्प्युटरचं नाव बदललंय, ते सांगायला आलो." मोबाइलवर स्क्रीनचा फोटो दाखवला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: द्वारका.

मावशींनी चष्मा पुसला आणि ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "नीट चाललंय ना?"

"हाक मारली की लगेच ओ देतंय, मावशी."