सुई हिरव्यात, सिलेंडर रिकामा

मी गोंदियाच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर पीएचडीला नाव नोंदवलं, कारण तोवर वेळ नव्हता. आठवडाभर गोंदियात खोलीवर राहते. शनिवारी अर्जुनीपर्यंत रेल्वे, पुढे बस, आणि केशोरीला घरी. घरी नवरा, सासूबाई, दीर आणि धाकटी जाऊ. नवरा धानाची शेती पाहतो, दीर प्रवासी गाडी चालवतो.

माझा विषय लोकांना एका वाक्यात सांगता येत नाही, ही त्याची पहिली अडचण. शुद्ध पदार्थ घ्यायचा, म्हणजे एकटा प्रोपेन किंवा एकटा ब्युटेन, कशातही न मिसळलेला. त्याचा दाब, तापमान आणि त्याने व्यापलेली जागा या तिघांना बांधणारं एक समीकरण लिहायचं. त्याला अवस्था-समीकरण म्हणतात. ते नीट बसलं तर त्या पदार्थाबद्दल पुष्कळ गोष्टी प्रत्यक्ष न मोजता कळतात: कोणत्या तापमानाला तो उकळेल, उकळायला किती उष्णता घेईल, द्रव झाल्यावर किती जड असेल.

शाळेत आपण शिकतो ते वायूचं समीकरण फार सरळमार्गी आहे. रेणूंना आकार नाही आणि ते एकमेकांकडे बघतही नाहीत, असं ते धरून चालतं. बाजाराच्या दिवशी केशोरीच्या बसमध्ये बसलेल्या कुणालाही हे पटणार नाही. माणसं जागा व्यापतात, आणि ओळखीचं कुणी दिसलं की तिकडे सरकतात. रेणूंचंही तेच. म्हणून समीकरणात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात, एक आकारासाठी, एक ओढीसाठी. दुरुस्त्या केल्या की समीकरण एका प्रश्नाला तीन उत्तरं देतं. सर्वात लहान उत्तर द्रवाचं, सर्वात मोठं वाफेचं. मधलं कशाचंच नसतं, ते सोडून द्यायचं. माझी दोन वर्षं त्या ओढीच्या दुरुस्तीत गेली आहेत. वाफेचा दाब जुळवावा तर द्रवाची घनता बिनसते, घनता ओढून आणावी तर दाब रुसतो. मला हे काम आवडतं. हे पदार्थ खोटं बोलत नाहीत, आणि माझ्या वयाच्या बाईला हा फार मोठा आराम आहे.

हे सगळं मी घरी एकदा सांगितलं. नवऱ्याने शांतपणे ऐकलं आणि गावात सांगताना त्याचे दोन शब्द केले: गॅसवर पीएचडी. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर कुणी ना कुणी असतंच. "बाई, आमचा सिलेंडर लवकर संपून राहिला, काऊन?" "बाई, वास येते, जरा पाहून द्या ना." मी रबरी वायसर बदलून दिले आहेत. तेही उपयोगी काम आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. अशाच एका मंडईतून नवऱ्याने दोन चकत्या आणल्या. घड्याळासारख्या, लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या, वर एक सुई. सिलेंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये बसवायच्या. किती गॅस उरला ते सुई दाखवते म्हणे. विकणाऱ्याला यांनी अभिमानाने सांगितलं होतं की आमच्या घरी गॅसवरच पीएचडी सुरू आहे. तो म्हणाला, "फिर तो आपको लेना ही चाहिए, भाईसाब." यांना ते पटलं.

चकत्या जावेसाठी होत्या. ती लग्नकार्याचा स्वयंपाक ऑर्डरीवर करायला लागली होती. लहान ऑर्डरी निभावल्या होत्या, आणि माघात गावातल्याच एका साखरपुड्याची मोठी पंगत तिला मिळाली. गावात असा स्वयंपाक लाकडावर होतो आणि तो बाप्ये आचारी करतात. जाऊ म्हणाली, मी गॅसवर करते, धूर नाही आणि जेवण वेळेवर. सासूबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "हे एक करून पाह्य. पंगत खोळंबली त मंग बंद. लोकायचे बोल आयकाले माह्यात ताकद नाई." सासूबाईंचा शब्द आमच्याकडे शेवटचा असतो. म्हणजे तिच्या धंद्याच्या हाती ही एकच पंगत होती.

मी चकत्या पाहिल्या आणि जावेला बाजूला घेतलं.

"ही सुई गॅस किती उरला ते दाखवत नाही."

"मंग काय दाखवते?"

"दाब. आणि आत पातळ गॅस आहे तोवर दाब तेवढाच राहतो. अर्धा सिलेंडर असो की तळाला वाटीभर असो, दाबात फारसा फरक पडत नाही. पातळ संपलं की मग एकदम खाली."

"म्हंजे शेवटपर्यंत हिरवं?"

"जवळजवळ शेवटपर्यंत. दाब ठरतो तो सिलेंडर किती थंड की गरम त्यावरून. थंडी वाढली की सुई खाली, ऊन पडलं की वर."

"त थंडी किती आहे ते सांगाले भाऊजीनं हे आनलं?"

"हो."

"ते त मलेही समजते, ताई." ती हसली. मग म्हणाली, "पण आता लावा लागन ना. भाऊजीनं आनलं आहे."

इथे घरातली एक रीत सांगायला हवी. धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. बऱ्याच घरांत हे आता उरलेलं नाही. आमच्याकडे ते उरलं, कारण कुणी मोडलं नाही. नऊ वर्षं ही दोघं एका घरात राहतात आणि भिंतीशी बोलतात. नवरा जेवताना म्हणतो, "भाजीत मीठ कमी आहे म्हणावं." जाऊ दाराआडून म्हणते, "मीठ ताटात वाढलं आहे म्हणावं." मधे मी असले तर मी, नसले तर मांजर. दोघांचं एकमेकांशी उत्तम चालतं. फक्त भासऱ्याने कौतुकाने आणलेली वस्तू नको म्हणायची सोय या रीतीत नाही. मी यांना स्वतः सांगितलं तर म्हणाले, "तुहं शुद्ध गॅसचं आहे. हा घरचा गॅस आहे, मिसळलेला." ते अगदीच चूक नव्हतं. सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात आणि माझं काम एकेकट्याचं. पण इथे तेवढ्याने निकाल बदलत नाही. हे मी त्यांना सांगेपर्यंत ते शेताच्या धुऱ्यावर निघून गेले होते.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी अंगणात चांगलीच थंडी होती. दीर गाडी घेऊन कचारगडच्या जत्रेला भाडं मारायला गेला होता. जावेकडे मोठे सिलेंडर दोन. एक नवा, भरलेला. तो पडवीच्या सावलीत ठेवून दोन्ही भट्ट्या त्यावर जोडल्या होत्या. दुसरा आधीच्या ऑर्डरींना वापरलेला, पूर्वेच्या भिंतीपाशी, उन्हात. चकती दोन्हींवर.

वांग्याची भाजी झाली, वरण झालं. भाताचं मोठं गंज चढवलं आणि दुसऱ्या भट्टीवर लाखोरीच्या डाळीच्या वड्यांसाठी तेल ठेवलं. थोड्या वेळाने ज्योत बसायला लागली. निळी होती ती बारीक झाली, मग गंजाखाली नुसती कुरकुरायला लागली. तेल तापेना. जावेने जाऊन चकती पाहिली. सुई लाल पट्ट्यात.

"ताई, हा संपला. नवा म्हणून देल्ला अन् कमी भरून देल्ला."

"संपला नाही. अंगाला हात लावून बघ."

तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. सिलेंडरच्या खालच्या अर्ध्या अंगावर बर्फाची पांढरी साय धरली होती.

"दोन भट्ट्या जोरात ओढताहेत," मी म्हटलं. "पातळ गॅसची वाफ व्हायला उष्णता लागते. ती तो स्वतःच्याच अंगातून घेतो, म्हणून गार पडतो. गार पडला की दाब उतरतो. भरलेला आहे, पण गारठला आहे."

"अन् तो?" तिने उन्हातल्या सिलेंडरकडे बोट केलं. तिथे सुई हिरव्यात होती. "तो त हिरवा आहे. तोच जोडून घेतो."

"त्यात फारसं काही नसेल. वडे अर्धे तळून होतील आणि बंद पडेल."

ती थांबली. पंगतीला फार वेळ उरला नव्हता. दुसरा सिलेंडर आणायचा तर गाडी कचारगडला. चुकीचा जोडला तर भात कच्चा, वडे पिठातच. एकीकडे भासऱ्याची हिरवी सुई, दुसरीकडे थोरल्या जावेचं, म्हणजे माझं, समीकरण. समीकरण तिने कधी पाहिलं नव्हतं. सुई समोर होती.

"उचलून पाहू का?" ती म्हणाली.

"लोखंडच इतकं जड असतं की अंदाज येणार नाही. तोलू."

धानाचे कट्टे, म्हणजे पोती, तोलायचा इलेक्ट्रिक वजनकाटा कोठीच्या दाराशीच होता. उन्हातल्या सिलेंडरवरची चकती उतरवून आम्ही दोघींनी तो कडेवर फिरवत नेला आणि काट्यावर उभा केला. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्या गळ्यापाशी कोरलेलं असतं. तिने ते वाचलं, मग काट्यावरचं वाचलं. दोन आकड्यांत फरक जवळपास नव्हता. ती पुन्हा एकदा वाकून दोन्ही वाचून आली.

"रिकामाच आहे हा," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि कुणावर करावा ते ठरत नव्हतं. "मंग त्या गारठलेल्याचं काय करू? शेक देऊ का?"

"विस्तव त्याच्याजवळ न्यायचा नाही. उकळतं पाणीही नाही. बोरचं पाणी टाकू. थंडीत बोरचं पाणी कोमटच असतं, तेवढं पुरे. तोवर तेलाची भट्टी बंद कर."

एवढं बोलेपर्यंत भात खाली धरायला लागल्याचा वास आला. मी धावले आणि दोन्ही हातांनी मोठा झारा धरून तळापासून ढवळायला लागले. बोरच्या मोटरीचं बटण अंगणाच्या पार त्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीवर. तिथे नवरा बैलांना वैरण टाकत होता. निरोप पोचवायला मधे कुणी नव्हतं. मांजरसुद्धा नव्हतं.

जावेने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोठ्याने म्हटलं, "भाऊजी, मोटर चालू करा."

नवऱ्याने आधी मागे वळून पाहिलं, तिथे दुसरं कुणी आहे का ते. मग बटण दाबलं. मग सवयीने भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पाइप तिथपर्यंत पुरत नाई म्हणावं."

"म्हणावं कोनाले? मलेच सांगा," जाऊ म्हणाली. "पुरत नसन त बकेटीनं आना. लवकर आना."

तो बादल्या घेऊन आला. खरं म्हणजे पळत आला, आणि मी त्याला लग्नाआधीही पळताना पाहिलेलं नाही. दोघांनी मिळून सिलेंडरच्या अंगावरून पाणी सोडलं, वरची तोटी सांभाळून. बर्फाची साय सुटली आणि पाण्याबरोबर वाहून गेली. गंजाखालची ज्योत आधी थरथरली, मग निळी होऊन वर चढली. चकतीवरची सुई लालमधून पिवळ्यात आली, आणि तिसऱ्या-चौथ्या बादलीला हिरव्यात.

मी झारा धरून ते पाहत होते. तापमान वाढलं की दाब कसा चढतो याची रेघ मी संगणकावर असंख्य वेळा काढली आहे. ती अंगणात, बादलीच्या पाण्याने चढताना पाहायचा योग त्या दिवशीच आला. छान वाटलं. मग भात उतरवला.

"पानी टाकल्यानं गॅस वाढला?" नवऱ्याने मला विचारलं.

"गॅस तेवढाच आहे. दाब वाढला."

"गावात कोनाले सांगू नको," जाऊ त्याला नाही, मला म्हणाली, पण ऐकू त्यालाच जाईल अशा आवाजात. "नाई त उद्या सारे सिलेंडर आपल्या बोरवर येतीन आंघोळीले."

नवरा हसला. खूप हसला. मग दोन बादल्या आणखी आणून सिलेंडरच्या बाजूला ठेवल्या आणि तिथेच पाटावर बसला. वडे तळून होईपर्यंत तो उठला नाही. साय दिसली की पाणी टाकायचं, हे काम त्याने आपल्याकडे घेतलं.

पंगत वेळेवर बसली. भात थोडा तळाला लागला होता, ती खरवड आम्ही घरी ठेवली आणि वरचा पाठवला. वडे पुरले. मुलाकडच्या एका म्हातारबुवांनी तिसऱ्यांदा वडे मागितले, असं वाढायला गेलेल्या बायांनी येऊन सांगितलं.

दुपारी उशिरा आम्ही दोघी अंगणात भांडी घासत बसलो होतो. सासूबाई ओसरीवरून उतरून आल्या. सकाळभर त्या देवघरात होत्या, आणि देवघराची खिडकी अंगणात उघडते.

"सकाळी मोठ्यानं कोन बोलून राहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

जावेने हातातली राख झटकली. "मी," ती म्हणाली. पदर सारखा करायला हात वर नेला, पण हात राखेचे होते, म्हणून तसाच खाली आणला.

सासूबाई खाली वाकल्या. परातीत उरलेल्या वड्यांतला एक घेतला, मोडला, अर्धा खाल्ला. आत शिजला आहे का ते पाहिलं. अर्धा मला दिला.

"पुढच्या वेळी," त्या जाता जाता म्हणाल्या, "मोटरीपाशी कोनाले तरी आधीच बसवून ठेव."

जाऊ माझ्याकडे पाहत राहिली. मी मोठं गंज तिच्याकडे ढकललं आणि म्हटलं, "बाहेरून तू घास, आतून मी घासते."